बिलातली चूक चोवीस तासांत सापडत नाही : जीएसटी परिषदेला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व राज्यांचे माननीय सदस्य,
वस्तू व सेवा कर परिषद

विषय : लहान व्यवसायांना ई-इन्व्हॉइसमधली चूक दुरुस्त करण्याची वाट मिळण्याबाबत

महोदय, महोदया,

१ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या व्यवसायांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, सक्तीचे झाले. १ ऑक्टोबर २०२० ला सुरुवात झाली ती पाचशे कोटींपासून. मग जानेवारी २०२१ मध्ये शंभर, एप्रिल २०२१ मध्ये पन्नास, एप्रिल २०२२ मध्ये वीस, ऑक्टोबर २०२२ मध्ये दहा, आणि शेवटी पाच कोटी. तीन वर्षांत मर्यादा शंभर पटीने खाली आली, पण चूक सुधारण्याचे नियम पाचशे कोटीवाल्यासाठी लिहिले होते तेच राहिले. आमचे सगळे गाऱ्हाणे या एका वाक्यात आहे.

आम्ही लहान कारखानदारांचे आणि घाऊक व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिणारे कर सल्लागार आहोत. ई-इन्व्हॉइसला आमचा विरोध नाही. बिल आपोआप जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात येते, त्याच माहितीवर माल वाहतुकीचे ई-वे बिल निघते, खरेदीदाराला त्याच्या २बी मध्ये (खरेदीवरच्या कराच्या वजावटीचा, म्हणजे क्रेडिटचा तक्ता) ते दिसते. महिन्याच्या दहा तारखेला दोन एक्सेल समोरासमोर ठेवून डोळे फोडण्याचे काम बरेच कमी झाले, हे आम्ही मान्य करतो. खोट्या बिलांचा धंदा अवघड झाला तर त्यात सर्वांत जास्त भले प्रामाणिक व्यापाऱ्याचेच आहे.

तक्रार वेगळी आहे. पाचशे कोटींच्या कंपनीत बिल करणारा एक, तपासणारा दुसरा, आयआरएन (पोर्टल प्रत्येक बिलाला देते तो नोंदणी क्रमांक) घेणारे सॉफ्टवेअर तिसऱ्याच्या ताब्यात, आणि रात्री सगळे जुळवून पाहणारा चौथा. साडेपाच कोटींच्या दुकानात ही चारही कामे एकाच माणसाकडे असतात. तोच फोन उचलतो आणि तोच गाडीवाल्याला पत्ता सांगतो. (बँका, विमा कंपन्या आणि बिगरबँक वित्त कंपन्या यांना मात्र ई-इन्व्हॉइसमधून वगळले आहे. माणसे कोणाकडे जास्त आहेत, याचा विचार ते ठरवताना झाला असावा असे दिसत नाही.)

सर्वांत आधी चोवीस तासांबद्दल, कारण बाकीच्या बहुतेक अडचणी तिथूनच फुटतात.

आयआरएन मिळाल्यापासून चोवीस तासांच्या आत ई-इन्व्हॉइस रद्द करता येते. दुरुस्त मात्र अजिबात करता येत नाही. बत्तीस ओळींच्या बिलात एका ओळीचा दर चुकला तर अख्खे बिल रद्द करावे लागते. रद्द केलेल्या बिलाचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही, कारण आयआरएन तयार होतो तोच विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक या चार गोष्टींवरून. म्हणजे नवा क्रमांक, नवे बिल, नवा क्यूआर कोड. इथपर्यंत ठीक आहे. पण चूक सापडायला किती वेळ लागतो, याचा हिशेब कोणी केला होता का?

शनिवारी संध्याकाळी साडेसहाचे एक बिल घ्या. पाईप-फिटिंगचा माल, रक्कम ४२ हजार, त्यामुळे ई-वे बिलाची गरज नाही. खरेदीदार कंपनीच्या दोन नोंदण्या आहेत, महाराष्ट्रातली २७ ने सुरू होणारी आणि गुजरातमधली २४ ने सुरू होणारी. पॅन एक, नाव एक, आणि बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही लेजर (खाती) एकाखाली एक. घाईत खालचे लेजर निवडले गेले. सॉफ्टवेअरने राज्यातल्या विक्रीच्या सीजीएसटी-एसजीएसटीऐवजी परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी लावला आणि बिल पोर्टलवर गेले. पोर्टलच्या दृष्टीने त्यात काहीच खोट नव्हती : खरेदीदाराचा क्रमांक चालू, पिनकोड राज्याशी जुळणारा, बेरीज बरोबर. चौसष्ट अक्षरांचा आयआरएन आला, बिल छापले, माल टेम्पोत चढला.

माल सोमवारी नाशिकच्या गोदामात उतरतो. स्टोअरवाला नग मोजून आवक नोंदवतो. कागद बुधवारी अकाउंट्स विभागात पोहोचतो आणि तिथला माणूस फोन करतो, "बिल गुजरातच्या नंबरवर आलंय, बदलून द्या." रद्द करण्याची मुदत रविवारी संध्याकाळी साडेसहाला संपलेली आहे. तेव्हा विक्रेत्याचे दुकान बंद होते, खरेदीदाराचे गोदाम बंद होते आणि माल वाटेत होता. चूक सापडण्याची शक्यताच जिथे सुरू होते, त्याच्या आदल्या दिवशी मुदत संपते.

आता विक्रेत्यापुढे दोन वाटा उरतात. पहिली क्रेडिट नोटची, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम उलटवणाऱ्या कागदाची. गुजरातच्या क्रमांकावर क्रेडिट नोट काढायची, तिचा वेगळा आयआरएन घ्यायचा, आणि महाराष्ट्राच्या क्रमांकावर नवे बिल करायचे. नव्या बिलाची तारीख गुरुवारची आणि खरेदीदाराची आवक नोंद सोमवारची. ऑडिटला उत्तर देत बसायचे. त्यात १४ ऑक्टोबर २०२४ पासून इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम आली, जिथे खरेदीदार आलेली बिले स्वीकारतो किंवा नाकारतो. गुजरातच्या कार्यालयातल्या अकाउंटंटला तिथे एक अनोळखी बिल आणि एक अनोळखी क्रेडिट नोट दिसते. "आपलं नाही" म्हणून तो दोन्ही नाकारतो; त्याच्या बाजूने त्याचे काही चुकत नाही. पण क्रेडिट नोट नाकारली गेली की तेवढा कर विक्रेत्याच्या पुढच्या ३बी मध्ये (कर भरण्याच्या विवरणपत्रात) पुन्हा देणे म्हणून येऊन बसतो. माल गुजरातला गेलाच नाही, तरी त्या मालावरचा आयजीएसटी भरायचा, आणि खऱ्या बिलावरचा सीजीएसटी-एसजीएसटी वेगळा.

दुसरी वाट जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्तीची. कायद्याने ती मोकळी आहे, आणि "ई-इन्व्हॉइसमधला बदल विवरणपत्रात करा" असेच उत्तर आजवर मिळत आले आहे. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. आपोआप आलेल्या ओळीत एकदा हात घातला की त्या ओळीतले स्रोत, आयआरएन आणि आयआरएनची तारीख हे तिन्ही रकाने कोरे होतात. म्हणजे ज्याने नियमाप्रमाणे आयआरएन घेतला आणि नियमाप्रमाणेच दुरुस्ती केली, त्याचे बिल आयआरएन नसलेल्या बिलांच्या रांगेत जाऊन बसते. उद्या एखाद्या अधिकाऱ्याने "आयआरएन नसलेली बी२बी बिले" (बी२बी म्हणजे व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला केलेली विक्री) अशी यादी काढली, तर तिच्यात बुडवणारा आणि सुधारणारा शेजारी शेजारी दिसतील.

पूर्वी निदान ३बी भरताना आकडे सावरता येत. जुलै २०२५ च्या कालावधीपासून ३बी मधले करदेय आकडे कुलूपबंद झाले. दुरुस्ती करायची तर त्याआधी जीएसटीआर-१ए मध्ये, आणि त्या फॉर्ममध्ये खरेदीदाराचा जीएसटी क्रमांकच बदलता येत नाही. त्यासाठी पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ ची वाट पाहायची. एकेक बदल सुटा पाहिला तर समजण्यासारखा आहे. पण सगळे एकत्र ठेवले की साध्या, हेतू नसलेल्या चुकीला जायला दार उरत नाही.

चोवीस तासांच्या मर्यादेमागची भीती आम्हाला कळते. माल पोहोचवायचा, खरेदीदाराला क्रेडिट घेऊ द्यायचे आणि मागून गुपचूप बिल रद्द करायचे, असे प्रकार होऊ नयेत. पण त्याला आज दोन अटकाव आधीच आहेत. ई-वे बिल चालू असेल तर आयआरएन रद्द होत नाही. आणि खरेदीदाराने बिल स्वीकारले की नाही, हे आता पोर्टललाच दिसते. ई-वे बिल नाही आणि खरेदीदाराने अजून स्वीकारलेले नाही, अशा बिलाला पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द करण्याची मुभा दिली, तर सरकारचे नेमके काय बुडते? जीएसटीआर-१ ची तारीख अकरा आहे. तोपर्यंत कराचा एक रुपयाही इकडचा तिकडे झालेला नसतो.

दुसरा मुद्दा सक्ती सुरू होण्याच्या तारखेचा. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही मागील आर्थिक वर्षात उलाढाल पाच कोटींच्या वर गेली की पुढच्या १ एप्रिलपासून ई-इन्व्हॉइस लागू. आता कोणत्याही घाऊक दुकानाचा मार्च आठवा. शेवटच्या आठवड्यात खरेदीदार टार्गेट आणि बजेट संपवायला माल उचलतात. ३१ मार्चच्या रात्री आठपर्यंत बिले चालू असतात. उलाढाल चार कोटी एकोणनव्वद लाखांवर थांबली की पाच कोटी दोन लाखांवर गेली, हे परतीचा माल, क्रेडिट नोटा आणि दुसऱ्या राज्यातली शाखा धरून कळायला आठवडाभर जातो. पोर्टल स्वतः उलाढाल मोजते ती भरलेल्या ३बी वरून, आणि मार्चचा ३बी भरायची तारीख २० एप्रिल. म्हणजे सरकारला जो आकडा वीस तारखेला कळणार, तो व्यापाऱ्याला एक तारखेच्या सकाळी पहिले बिल फाडण्याआधी माहीत असला पाहिजे, अशी अपेक्षा आहे.

त्यावर पोर्टलचा खुलासा असा, की तिथे क्रमांक "एनेबल" दिसतो म्हणून ई-इन्व्हॉइस लागू झालेच असे नाही, आणि दिसत नाही म्हणून सुटका झाली असेही नाही, जबाबदारी करदात्याची. जबाबदारी आमचीच, कबूल. पण ज्या यंत्रणेकडे पॅनवरची देशभराची बेरीज तयार आहे, तिने एक पत्र पाठवायला हरकत काय?

पत्र का हवे, तर सुरुवात करायला कामे किती असतात ते ऐका. आधी पोर्टलवर लॉगिन. ई-वे बिलाचे लॉगिन असेल तर तेच इथे चालते, हे बरे. पण ओटीपी जातो नोंदणीतल्या मोबाइलवर, आणि २०१७ च्या घाईत कित्येक नोंदण्यांवर त्या वेळच्या सल्लागाराचा मोबाइल आणि ईमेल टाकला गेला आहे. तो नंबर बंद असेल आणि पासवर्ड कोणालाच माहीत नसेल, तर कागद घेऊन अधिकारक्षेत्रातल्या कार्यालयात जाऊन बदलून घ्यावा लागतो. त्यात १ एप्रिल २०२५ पासून दुहेरी पडताळणी सर्वांना सक्तीची झाली. मालक बाहेरगावी असला की बिल करणारा त्याच्या ओटीपीची वाट पाहत बसतो. बिल करणाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर सब-यूजर काढून घेणे हा त्यावर साधा उपाय आहे, पण हे त्याला पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही.

लॉगिन झाले की एपीआय यूजर (सॉफ्टवेअरला पोर्टलशी जोडणारे खाते) काढायचा, जीएसपी (ती जोडणी पुरवणारी कंपनी) निवडायचा, ते नाव आणि पासवर्ड बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे. एपीआयच्या भानगडीत पडायचे नसेल तर एक्सेलचे टूल आहे. त्यातून जेसन फाइल तयार करून चढवायची. दिवसाला चार-पाच बिले असतील तर ते पुरते. पंचवीस बिले आणि दारात तीन टेम्पो असतील तर नाही पुरत, कारण मालाचे बिल माल हलवण्याआधी किंवा हलवताना व्हायला हवे, आणि आयआरएन नसलेले बिल हे बिलच नव्हे.

आणि खरे काम तर मास्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या वस्तूंच्या आणि पार्ट्यांच्या याद्या, साफ करण्याचे. पाच कोटींच्या वर एचएसएन (वस्तूचा वर्गीकरण कोड) सहा अंकी लागतो. खाली असताना बी२बी ला चार अंकी चालत होता. दोन हजार वस्तूंच्या यादीत प्रत्येकीला दोन अंक जोडायचे, आणि चुकीचे जोडले तर दर चुकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये हा अनुभव सगळ्यांनीच घेतला. ३ तारखेच्या बैठकीत दर ठरले, २२ पासून लागू झाले, आणि मधल्या एकोणीस दिवसांत प्रत्येक वस्तूचा दर तपासायचा होता. एककांचे कोडही ठरलेले आहेत : "पेटी", "बंडल", "जोडी" असे जे काही सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षे चालले, ते ठरलेल्या कोडांत बसवावे लागते. प्रत्येक पार्टीचा पिनकोड भरायचा. बिलाची मालिका बदलायची, कारण बिल क्रमांक सोळा अक्षरांच्या आत हवा आणि शून्य, तिरकी रेघ किंवा आडवी रेघ यांनी सुरू होता कामा नये. "००१" पासून वर्षाची सुरुवात करण्याची सवय इथे पहिल्याच बिलाला नडते. छपाईचेही तसेच. क्यूआर कोड इतका दाट असतो की जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर त्याचा काळा चौकोन होतो आणि कोणताही फोन तो वाचत नाही. मग लेझर प्रिंटर आला, आणि तीन प्रतींची कार्बनची स्टेशनरी गेली.

हे सगळे नीट करायला दोन-तीन महिने लागतात. मार्चअखेरीच्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या मध्ये ते बसत नाही.

बाहेर पडण्याची सोय तर नाहीच. २०१७-१८ मध्ये एखाद्या कारखान्याला एकच मोठे कंत्राट मिळाले, उलाढाल एकदा सहा कोटी झाली आणि त्यानंतर दर वर्षी सव्वा कोटीच आहे, तरी तो आजही या सक्तीत आहे आणि पुढेही राहणार. एकूण उलाढालीत करमुक्त मालही मोजला जातो, ही दुसरी गोष्ट. ज्याची पाच कोटी पाच लाखांपैकी चार कोटी पंच्याऐंशी लाखांची विक्री करमुक्त धान्याची आहे आणि उरलेली वीस लाखांची बारदान-पॅकिंगची, त्याला त्या वीस लाखांच्या बी२बी बिलांसाठी हा सारा सरंजाम उभा करावा लागतो. सलग तीन वर्षे उलाढाल मर्यादेखाली राहिली तर सक्ती उठेल, एवढी एक ओळ अधिसूचनेत घालणे अवघड नाही.

आता तीस दिवसांचा नियम. १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटी आणि त्यावरील उलाढालवाल्यांना बिलाच्या तारखेपासून तीस दिवसांत ते पोर्टलवर चढवावे लागते. नंतर पोर्टल घेत नाही. मुदत असावी, याला हरकत नाही. पण मुदत चुकलेल्याने काय करायचे ते कुठेच लिहिलेले नाही. ५ एप्रिलचे बिल सॉफ्टवेअरमध्ये झाले, नेट गेले म्हणून आयआरएन आला नाही, माल गेला, पैसेही आले. ही गाळलेली ओळ सापडते १० मे रोजी, जीएसटीआर-१ जुळवताना. तो पस्तिसावा दिवस असतो. जीएसटी नियमांतला नियम ४८(५) म्हणतो की ठरलेल्या रीतीने न काढलेले बिल हे बिल धरले जाणार नाही. तारीख बदलून नवे बिल करावे, तर मालासोबत गेलेल्या कागदांवर जुना क्रमांक आणि जुनी तारीख आहे. तसेच विवरणपत्रात घालावे, तर खरेदीदाराचे क्रेडिट अडकते. कर भरायला तयार असलेल्या माणसाकडून तो नीट भरून घेण्याची सोय इथे नाही. ठरावीक शुल्क घेऊन उशिरा नोंदवण्याची खिडकी ठेवा; विवरणपत्राला विलंब शुल्क आहेच की. आणि ही खिडकी होईपर्यंत तीस दिवसांचा नियम दहा कोटींच्या खाली आणू नका.

पोर्टलच्या नकार-संदेशांबद्दल थोडक्यात, तरी यातला एक प्रकार पैशाने महाग पडतो म्हणून लिहितो. ३०२९ म्हणजे खरेदीदाराचा क्रमांक चालू नाही आणि ३०२८ म्हणजे तो या पोर्टलला माहीतच नाही. पुष्कळदा क्रमांक मुख्य पोर्टलवर चालू असतो आणि इथली नोंद शिळी असते. "सिंक" केले की काम होते, पण संदेशात तसे म्हटलेले नसते, आणि दुकानदार बिचारा खरेदीदाराशी वाद घालत बसतो. ३०३९ पिनकोडचा. गोव्याचे पिनकोड ४०३ ने सुरू होतात, म्हणून "४० म्हणजे महाराष्ट्र" या समजुतीने राज्य चुकते. महाग पडतो तो २१५०, एकच दस्तऐवज दुसऱ्यांदा आल्याचा. नेट मध्येच तुटते, पोर्टलवर आयआरएन तयार झालेला असतो पण उत्तर सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचलेले नसते. माणूस पुन्हा बटण दाबतो, २१५० येतो. खरे म्हणजे तेव्हा बिल क्रमांकावरून आधीचा आयआरएन मागवून घ्यायचा असतो. पण समोर इंग्रजीत एक ओळ आणि दारात टेम्पो. तो बिल क्रमांकापुढे "ए" लावतो आणि पुन्हा पाठवतो. आयआरएन लगेच मिळतो. आता एकाच मालाची दोन बिले जीएसटीआर-१ मध्ये आहेत, दोन्हींवर कर आहे, आणि पहिल्याची त्याला कल्पनाही नाही. "या क्रमांकाचा आयआरएन अमुक वेळी तयार झालेला आहे, तो इथून घ्या" एवढे मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये लिहून आले, तर ही चूक उद्यापासून थांबेल. याला कायदा बदलावा लागत नाही.

राहिला दंडाचा आणि खरेदीदाराच्या क्रेडिटचा प्रश्न. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १२२ खाली दहा हजार किंवा कराइतकी रक्कम, जी जास्त असेल ती. कलम १२५ खाली पंचवीस हजारांपर्यंत. त्याच कायद्यात कलम १२६ आहे. कराची रक्कम पाच हजारांच्या आत असेल तर ती किरकोळ चूक धरावी आणि दंड लावू नये, आणि सहज सुधारता येणारी, लबाडीचा हेतू नसलेली कागदोपत्री चूकही दंडाला पात्र नाही, असे ते म्हणते. कलम चांगले आहे. ई-इन्व्हॉइसमधल्या चुकांना ते कसे लावायचे हे सांगणारे एक परिपत्रक काढा, म्हणजे नोटिशीच्या उत्तरात दर वेळी पहिल्यापासून वाद घालावा लागणार नाही. आणि विक्रेत्याने कर भरला आहे, बिल २बी मध्ये दिसते आहे, माल पोहोचला आहे, तर निव्वळ आयआरएन नाही म्हणून खरेदीदाराचे क्रेडिट नाकारू नये, हेही त्यातच लिहा. या भीतीपोटी मोठे खरेदीदार आज प्रत्येक लहान पुरवठादाराकडून लेटरहेडवर लिहून घेतात, की २०१७-१८ पासून कोणत्याही वर्षी आमची उलाढाल पाच कोटींवर गेलेली नाही. दर एप्रिलला नवे पत्र, प्रत्येक ग्राहकाला वेगळ्या मजकुराचे. पोर्टलवर पाहता येणारी स्थिती ग्राह्य धरली, तर हा कागदांचा ढीग एका दिवसात संपेल.

९ सप्टेंबर २०२४ च्या बैठकीत परिषदेने बी२सी, म्हणजे थेट ग्राहकाला केलेल्या विक्रीच्या, ई-इन्व्हॉइसचा ऐच्छिक प्रयोग सुचवला. काउंटरवर दिवसाला दोनशे बिले करणाऱ्याकडे आज ना उद्या हा विषय येणार, हे आम्ही गृहीत धरून चाललो आहोत. तिथे ग्राहक दोन मिनिटांत निघून जातो. क्रेडिट नोटसाठी तो परत येत नाही. म्हणून वरची दुरुस्तीची वाट आधी, विस्तार नंतर, हा क्रम ठेवावा.

आमच्या मागण्या अशा :

१. पन्नास कोटींपर्यंतच्या व्यवसायांसाठी, ई-वे बिल चालू नसेल आणि खरेदीदाराने बिल स्वीकारलेले नसेल, तर ई-इन्व्हॉइस रद्द करण्याची मुदत पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत करावी. पत्ता, पिनकोड, खरेदी ऑर्डर क्रमांक अशा कराला न लागणाऱ्या चुका बिल रद्द न करता सुधारता याव्यात.

२. जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्त केलेल्या ओळीतला मूळ आयआरएन कोरा करू नये. "दुरुस्त" असा शिक्का लावून तो तसाच दिसावा.

३. सक्ती १ एप्रिलऐवजी १ जुलैपासून लागू करावी, आणि मर्यादा ओलांडणाऱ्याला मार्चचा ३बी भरल्यावर पोर्टलवरून लेखी सूचना जावी.

४. सलग तीन वर्षे मर्यादेखाली राहणाऱ्याला बाहेर पडू द्यावे. मर्यादा मोजताना पूर्णपणे करमुक्त माल वगळावा.

५. तीस दिवसांनंतर शुल्क घेऊन नोंदणीची खिडकी ठेवावी.

६. कलम १२६ आणि खरेदीदाराचे क्रेडिट यांबाबत स्पष्ट परिपत्रक काढावे.

७. नकार-संदेश भारतीय भाषांत, उपायासह द्यावेत.

दुसरी आणि सातवी मागणी सॉफ्टवेअरची आहे. त्यांना ना अधिसूचना लागते ना राज्यांची सहमती. बाकीचे मुद्दे पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावेत आणि निर्णय काहीही झाला तरी त्याची कारणे प्रसिद्ध करावीत, ही विनंती. वर दिलेल्या प्रत्येक अडचणीचा नमुना, नावे झाकून, बिल आणि नकार-संदेशासह सादर करण्याची आमची तयारी आहे.

आपले,
लहान व्यवसायांचे हिशेब लिहिणारे कर सल्लागार, महाराष्ट्र